संध्याकाळचीही पेरणी

(सामान्य काळातील तेहतिसावा रविवार. दुसरे वाचन : २ थेस्सलनीकाकरांस ३:७-१२, शुभवर्तमान : लूक २१:५-१९)



उपासनेचे वर्ष संपत आले आहे. पुढच्या रविवारी आपण ख्रिस्तराजाचा सण साजरा करू आणि त्यानंतर आगमनकाळाची पहिली मेणबत्ती पेटेल. नोव्हेंबर हा मृतांचा महिना. २ तारखेला आपण सर्वजण दफनभूमीत जाऊन आलो. आपल्या माणसांच्या कबरींवर फुले वाहिली, मेणबत्त्या लावल्या. त्या वेळी प्रत्येकाच्या मनात एक विचार येऊन गेला असेल: माझी किती वर्षे उरली आहेत? आणि जी उरली आहेत, त्यांत मी काय करावे?

आजची वाचने नेमका हाच प्रश्न हाती घेतात. शुभवर्तमानात लोक यरुशलेमच्या मंदिराचे सुंदर दगड न्याहाळत आहेत आणि प्रभू येशू त्यांना सांगतो की यातला एकही दगड दुसऱ्यावर राहणार नाही. ऐकणाऱ्यांना धक्का बसला असेल. एवढी मोठी वास्तू जर पडणार असेल, तर आपल्या छोट्याशा कामाचे काय? आपण घर बांधतो, वाडी राखतो, मुले वाढवतो, शाळेत शिकवतो, हे सारे कशासाठी?

थेस्सलनीका येथील रिकामे हात

हाच प्रश्न थेस्सलनीका येथील पहिल्या ख्रिस्ती लोकांना पडला होता. प्रभू लवकरच परत येणार, अशी त्यांची श्रद्धा होती. काहींची तर समजूत झाली होती की प्रभूचा दिवस येऊन ठेपलाच आहे. संत पौलाला त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, असे घाबरून जाऊ नका, असे लिहावे लागले. तिसऱ्या अध्यायात तो दुसऱ्या एका दुखण्याकडे वळतो. तेथे काहीजणांनी कामधंदा सोडला होता. ते रिकामे फिरत, दुसऱ्यांच्या कामात लुडबुड करत आणि इतरांच्या घरी जेवत. ही दोन दुखणी एकमेकांना जोडलेली आहेत, असे बायबलचे अनेक भाष्यकार मानतात. शेवट जवळ आला, मग नांगर कशाला धरायचा?

पौलाने काय केले? त्याने त्यांना जगाच्या शेवटाचे वेळापत्रक दिले नाही. त्याने आपले हात दाखवले. पौल हा तंबू बनवणारा कारागीर होता. कुणावर भार पडू नये म्हणून आपण रात्रंदिवस राबलो, याची त्याने आठवण करून दिली. आणि ज्याला काम करायचेच नाही त्याने जेवणाचीही अपेक्षा धरू नये, असा कडक नियम घालून दिला. येथे एक शब्द नीट ऐकला पाहिजे. पौल काम करू न शकणाऱ्यांविषयी बोलत नाही, तर काम करण्याची इच्छा नसलेल्यांविषयी बोलतो. आजारी, थकलेले, अंथरुणाला खिळलेले यांच्यावर हे वचन कुणी फेकू नये. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ताटावर बसताना ते ऐकवणे हे पाप आहे.

पुढे काय दिसते, त्यावर आज काय करतो

थेस्सलनीकाकरांची गोष्ट दोन हजार वर्षे जुनी असली तरी माणसाचे मन तेच आहे. उद्या काय दिसतो, त्यावर आजचे काम ठरते. पावसाळा येणार हे ठाऊक असते म्हणून शेतकरी आधी बांध घालतो. मुलीचे लग्न दोन वर्षांवर आहे म्हणून बाप ओव्हरटाइम करतो. पुढे काहीच दिसत नसेल, तर हात आपोआप सैल पडतात.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी या विषयावर बराच अभ्यास केला आहे. त्यांच्या म्हणण्याचे सार असे: पुढे भरपूर काळ आहे असे वाटते, तेव्हा माणूस नवे शिकण्याच्या, नव्या ओळखी करण्याच्या, वर चढण्याच्या मागे असतो. काळ थोडा उरला आहे असे वाटू लागले की तो जवळच्या माणसांकडे आणि मनाला अर्थपूर्ण वाटणाऱ्या गोष्टींकडे वळतो. हे केवळ वयामुळे घडत नाही. १९९७ साली हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे जाणार होते. त्याआधी तेथे केलेल्या पाहणीत तरुणही वृद्धांप्रमाणेच आपल्या परिचयाच्या माणसांना धरून राहू लागल्याचे दिसले. एक काळ संपत आला आहे, या जाणिवेने तरुणांचेही मन बदलले.

कामाच्या बाबतीतही असेच दिसते. वय वाढते तशी बढतीची, पगारवाढीची, स्पर्धेची ओढ साधारणपणे कमी होते. पण काम चांगले व्हावे, त्याचा कुणाला तरी उपयोग व्हावा, ही ओढ टिकून राहते. कित्येकदा ती वाढतेही. म्हणून वय झाले की माणसाची कामाची इच्छाच संपते, हे म्हणणे बरोबर नाही. इच्छा संपत नाही, तिचे कारण बदलते. पूर्वी तो मिळवण्यासाठी काम करत होता, आता देण्यासाठी काम करू पाहतो. प्रश्न एवढाच, की त्याला ते देण्याची वाट सापडते का? ही वाट चुकवणारे तीन मोह आहेत. त्यांचा आपण विचार करू.

पहिला मोह : "आता कशाला?"

आपल्या धर्मग्रामात अनेकांनी वर्षानुवर्षे पहाटेची लोकल पकडून मुंबईत नोकरी केली. कुणी बँकेत, कुणी कारखान्यात, कुणी शाळेत, कुणी रुग्णालयात. कुणी ५८ व्या, कुणी ६० व्या वर्षी निवृत्त झाले. पहिला महिना बरा जातो. घराची डागडुजी होते, राहिलेल्या भेटीगाठी होतात. मग हळूहळू सकाळ लांबू लागते. वर्तमानपत्र दोनदा वाचून होते. घरचे म्हणतात, "बाबा, तुम्ही आता आराम करा." आणि बाबाही म्हणू लागतात, "आता कशाला? माझे सगळे झाले."

हे वाक्य नम्रतेसारखे दिसते. पण पुष्कळदा ते निराशेचे असते. ज्याला उद्या दिसत नाही, तो असे म्हणतो.

बायबलमध्ये देव कितीतरी वेळा म्हाताऱ्या माणसांना कामाला लावतो. अब्राहाम घर सोडून निघाला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता. मोशे फारोपुढे उभा राहिला तेव्हा ऐंशी वर्षांचा होता. लूकच्या शुभवर्तमानात हन्ना ही चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा आहे. मंदिरात उपवास आणि प्रार्थना करत तिचे आयुष्य चालले होते. बाळ येशूला पाहिल्यावर ती काय करते? ती देवाचे आभार मानते आणि यरुशलेमच्या मुक्तीची वाट पाहणाऱ्या सर्वांना त्या बाळाविषयी सांगू लागते. चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिला एक नवे काम मिळाले आणि तिने ते उद्यावर टाकले नाही.

यहोशवाच्या पुस्तकात कालेबची हकिगत आहे. तो पंच्याऐंशी वर्षांचा झाला होता. वतनाची वाटणी चालू असताना तो यहोशवापुढे आला. त्याने सपाट, सोपी जमीन मागितली नाही. जेथे तटबंदीची नगरे आणि धिप्पाड शत्रू होते, तो डोंगराळ मुलूख त्याने मागितला. हे धाडस त्याला कुठून आले? पंचेचाळीस वर्षांपूर्वी देवाने त्याला एक वचन दिले होते, आणि ते वचन त्याच्यासाठी जुने झाले नव्हते.

आपल्या काळातील ख्रिस्तसभेतही असे दाखले आहेत. २८ ऑक्टोबर १९५८ रोजी संत पापा तेविसावे जॉन निवडून आले तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. हे थोड्या दिवसांचे पापा, मधला काळ सांभाळून नेतील, असेच पुष्कळांना वाटले. पण तीन महिन्यांच्या आत, २५ जानेवारी १९५९ रोजी, त्यांनी सार्वत्रिक परिषद भरवण्याची घोषणा केली. ११ ऑक्टोबर १९६२ रोजी दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली. ती पूर्ण झालेली त्यांनी पाहिली नाही. ३ जून १९६३ रोजी ते देवाघरी गेले. आज आपण मिस्सा मराठीत ऐकतो आणि मराठीत उत्तरे देतो, त्यामागे शहात्तर वर्षांच्या एका म्हाताऱ्याने "आता कशाला?" असे म्हटले नाही, हेही एक कारण आहे.

मराठीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक नाव घेतो. इंग्लंडमधून १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापून झाले. तेव्हा ते सत्तरीकडे झुकले होते. पुढे तीनच वर्षांनी, १६१९ साली, त्यांचे निधन झाले. त्यांना तीन वर्षे मिळाली, पुस्तकाला चारशेहून अधिक. आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० साली प्रसिद्ध झाले तेव्हा तेही पासष्टी ओलांडून गेले होते. २०२४ साली ते आपल्यातून गेले. ते पुस्तक मात्र आपल्या घराघरांत आहे.

दुसरा मोह : "माझ्याशिवाय चालणार नाही"

काहींना उद्या दिसत नाही म्हणून ते काम सोडतात. काहींना उद्याची भीती वाटते म्हणून ते काम सोडतच नाहीत. घराच्या किल्ल्या, बँकेचे पासबुक, वाडीचा हिशेब, मंडळाचे अध्यक्षपद, गायकवृंदातली पेटी, सारे काही त्यांना आपल्याच हाती हवे असते. मुलगा चाळिशीचा झाला तरी त्याला विचारल्याशिवाय एक झाड लावता येत नाही. सुनेला स्वयंपाकघरात दहा वर्षे झाली तरी मिठाचा डबा सासूबाईंच्या हाताशी. आणि तरुण पुढे येत नाहीत, ही तक्रार मात्र आपण दर सभेत करतो. जागा दिलीच नाही, तर ते पुढे येणार कुठे?

या बाबतीत गणनाच्या पुस्तकातील आठवा अध्याय वाचण्यासारखा आहे. निवृत्तीविषयी असा स्पष्ट नियम बायबलमध्ये क्वचितच सापडतो. लेवी वंशातील सेवकांनी वयाच्या पन्नासाव्या वर्षी सेवेचे काम थांबवावे, असे तेथे सांगितले आहे. पण त्यांना घरी पाठवलेले नाही. निवासमंडपात आपल्या बांधवांना साहाय्य करावे आणि देखरेख ठेवावी, असा आदेश आहे. भार दुसऱ्याच्या खांद्यावर जातो, सोबत मात्र सुटत नाही.

शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात बर्जिल्लय नावाचा ऐंशी वर्षांचा गृहस्थ आहे. दावीद राजा संकटात असताना त्याने त्याला अन्नधान्य पुरवले होते. संकट टळल्यावर राजाने त्याला राजवाड्यात राहायला बोलावले. बर्जिल्लयने काय उत्तर दिले? आपल्याला आता अन्नाची चव कळत नाही, गाणे नीट ऐकू येत नाही, आपण राजाला भार का व्हावे, असे तो म्हणाला. आपल्या गावी, आईवडिलांच्या कबरीजवळ मरण यावे, एवढीच त्याची इच्छा होती. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. किम्हाम नावाच्या तरुणाला त्याने पुढे केले आणि त्याला घेऊन जा, असे राजाला सांगितले.

कालेबने पंच्याऐंशीव्या वर्षी डोंगर मागितला. बर्जिल्लयने ऐंशीव्या वर्षी राजवाडा नाकारला. दोघेही देवाची माणसे. वय झाले की अमुकच केले पाहिजे, असा सरसकट नियम बायबल देत नाही. आपली शक्ती ओळखावी, देव काय मागतो ते ऐकावे आणि पुढच्याची वाट अडवू नये, एवढेच ते सांगते.

आपण तेविसाव्या जॉन यांचा दाखला पाहिला. त्याच आसनावर बसलेले संत पापा सोळावे बेनेडिक्ट यांनी ११ फेब्रुवारी २०१३ रोजी, पंच्याऐंशीव्या वर्षी, आपली शक्ती या सेवेला पुरत नाही असे सांगून पदत्याग जाहीर केला आणि उरलेली जवळजवळ दहा वर्षे प्रार्थनेत घालवली. एकाने म्हातारपणी मोठे काम सुरू केले, दुसऱ्याने म्हातारपणी मोठे काम खाली ठेवले. दोघांनाही आपले आयुष्य देवाच्या हाती आहे हे ठाऊक होते. आम्हा धर्मगुरूंनाही पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली की आपल्या धर्मग्रामाच्या पदाचा राजीनामा महागुरूंकडे सादर करावा, असे ख्रिस्तसभेचा कायदा सुचवतो. हा नियम आमच्या भल्याचा आहे. धर्मग्राम आमचा नाही, ख्रिस्ताचा आहे, याची तो आठवण करून देतो.

आणि दावीदाचे उदाहरण तर हृदयाला भिडणारे आहे. देवासाठी मंदिर बांधावे, ही त्याची आयुष्यभराची इच्छा. देवाने त्याला नाही म्हटले. ते काम त्याचा मुलगा शलमोन करणार होता. दुसरा कुणी रुसून बसला असता. दावीदाने सोने, चांदी, पितळ, लोखंड, गंधसरूचे लाकूड गोळा केले, मंदिराचा नकाशा मुलाच्या हाती दिला आणि धीर धर, कामाला लाग, असे सांगितले. जी वास्तू आपण कधी पाहणार नाही, तिच्यासाठी दगड घडवून ठेवणे, हेच वृद्धापकाळातील सर्वात सुंदर काम आहे.

तिसरा मोह : "इथे माझे काय आहे?"

हे प्रवचन फक्त आजी-आजोबांसाठी आहे, असे समजून तरुणांनी पान उलटू नये. ज्याला पुढे काही दिसत नाही, तो पंचविशीतही म्हातारा असतो. आज आपल्या घराघरांत मुले परदेशाची वाट पाहत आहेत. कुणी आखातात, कुणी कॅनडात, कुणी आणखी कुठे. परदेशी जाणे हे पाप नाही. अब्राहामही निघालाच होता. पण व्हिसा येईपर्यंत इथल्या कशातही मन घालायचे नाही, इथली नोकरी जेमतेम करायची, वाडीकडे बघायचे नाही, मंडळात नाव द्यायचे नाही, असे वागणारा तरुण थेस्सलनीकाकरांसारखाच रिकाम्या हातांनी बसलेला असतो. त्याचे आयुष्य पुढे केव्हातरी सुरू होणार असते, आणि तोवरची वर्षे मात्र निघून जातात.

दुसरीकडे, भविष्य फार लांब दिसते म्हणून बिघडणारेही असतात. लूकच्या शुभवर्तमानातील धनवान शेतकऱ्याला पुढे पुष्कळ वर्षे दिसत होती. त्याने कोठारे मोडून मोठी बांधायचे ठरवले. आळशी तर तो मुळीच नव्हता! पण त्याच्या साऱ्या बेतात शेजारी नव्हता, मजूर नव्हता, देव नव्हता. आणि त्याच रात्री त्याचा जीव मागून घेतला जाणार होता. म्हणजे नुसती कामाची उमेद असून भागत नाही. ती कशाच्या आशेवर उभी आहे, हे पाहावे लागते.

या मोहावर यिर्मया संदेष्ट्याचे उत्तर ऐका. त्याच्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे. यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. शहर पडणार, हे त्यानेच लोकांना सांगितले होते. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनमेल येतो आणि अनाथोथ गावातले शेत विकत घे, असे म्हणतो. शत्रूच्या ताब्यात जाणारी जमीन कोण घेईल? यिर्मया घेतो! सतरा शेकेल चांदी तोलून देतो. खरेदीखत लिहितो, त्यावर मोहर करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. मग ती कागदपत्रे पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून बारूखला मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो. कारण या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, असे देवाने त्याला सांगितले होते.

जमिनीच्या व्यवहाराची आपल्याला चांगली ओळख आहे. सातबारा, साक्षीदार, मुद्रांक, सारे आपल्याला कळते. आपण बहुधा विकण्याच्या वेळी ते करतो. यिर्मयाने ते आशेच्या वेळी केले. त्या शेतात त्याने कधी नांगर धरल्याचे बायबल सांगत नाही. पुढे लोकांनी त्याला मिसर देशात नेले. पण देवाचा शब्द खरा आहे, हे त्याने भाषणाने नव्हे तर खरेदीखताने सांगितले.

ज्यांचे हात थकले आहेत

आता आपल्यातल्या काहींच्या मनात एक दुःख असेल. "फादर, कालेबचे ठीक आहे. मला जिना चढवत नाही. मी काय करू?"

बंधुभगिनींनो, माणसाची किंमत त्याच्या कामावरून ठरत नाही. संत पापा दुसरे जॉन पॉल यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी मानवी श्रमावर परिपत्रक प्रसिद्ध केले. त्यातील मुख्य शिकवण हीच आहे: काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. पुढे १ ऑक्टोबर १९९९ रोजी त्यांनी जगातील वृद्धांना पत्र लिहिले, तेव्हा ते स्वतः एकोणऐंशी वर्षांचे होते आणि कंपवाताने त्रस्त होते. शेवटच्या दिवसांत त्यांना बोलताही येईना. २ एप्रिल २००५ रोजी ते गेले. त्या मुक्या दिवसांत त्यांनी जे प्रवचन दिले, ते पुष्कळांना आजही आठवते. खाटेवर पडून नातवंडांसाठी रोजरीचे मणी ओढणारी आजी रिकामी बसलेली नाही. तिने आपला वाटा उचललेला आहे.

दुसरीही एक बाजू आहे. काही वृद्धांना काम करण्याची हौस नसते, गरज असते. सत्तरीतही डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरणारी बाई, रात्रपाळी करणारा म्हातारा पहारेकरी, लोकांची धुणीभांडी करून नवऱ्याचे औषध आणणारी आजी यांना कामाची प्रेरणा सांगण्याची गरज नाही. त्यांना विसावा हवा आहे. देवाने सहा दिवसांनंतर सातवा दिवस दिला, तो चाकरांनाही दिला. अशी माणसे आपल्या धर्मग्रामातही आहेत. त्यांच्याशी भाजीच्या दोन रुपयांसाठी घासाघीस करण्याआधी आपण थांबावे. त्यांच्या विसाव्याची सोय करणे हे आपले काम आहे.

"आम्हांला कुणी बोलावलेच नाही"

मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा धनी पहाटेपासून मजूर आणायला बाजारात जातो. दिवस मावळायला एक तास उरलेला असताना तो पुन्हा जातो. तेथे काही माणसे उभीच असतात. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असे तो विचारतो. ते सांगतात की आम्हांला कुणी कामावर लावलेच नाही. धनी त्यांनाही मळ्यात पाठवतो आणि संध्याकाळी पूर्ण दिनार देतो.

आपल्या धर्मग्रामात अशी किती माणसे उभी आहेत, ज्यांना कुणी बोलावलेच नाही? निवृत्त शिक्षक आहेत, ते दहावीच्या मुलांना गणित शिकवू शकतात. निवृत्त बँक कर्मचारी आहेत, ते विधवांना पेन्शनचे अर्ज भरून देऊ शकतात. निवृत्त परिचारिका आहेत, त्या आजाऱ्यांच्या घरी जाऊ शकतात. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून सुकेळी कशी करायची, हे ठाऊक असलेली मोजकीच माणसे आता उरली आहेत. लग्नातली आपल्या बोलीतली गाणी ज्यांना तोंडपाठ आहेत, त्या बायकाही थोड्याच राहिल्या. त्यांच्या शेजारी कुणी तरुण वही घेऊन किंवा मोबाईल घेऊन बसला, तर त्या आजीला उद्या दिसू लागेल आणि त्या तरुणाला काल कळेल.

संत पापा फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा आणि वृद्ध यांचा जागतिक दिन सुरू केला. जुलैच्या चौथ्या रविवारी, संत अन्ना आणि संत योवाकीम यांच्या सणाच्या सुमारास, तो पाळला जातो. तो दिवस फक्त गुलाबाचे फूल आणि नाश्ता देऊन साजरा करायचा नाही. वर्षभर त्यांना मळ्यात बोलवायचे आहे.

आपली आशा अखेर आपल्या वर्षांच्या हिशेबावर उभी नाही. वर्षे मोजली तर ती नेहमीच कमी पडतील. मंदिराचे दगड पडले, पण मंदिरात शिकवणारा प्रभू कबरीतून उठला. म्हणून त्याच्यासाठी केलेले कुठलेही काम वाया जात नाही, असे संत पौल करिंथकरांस सांगतो. ज्याचे पुनरुत्थानावर मन आहे, त्याला नव्वदाव्या वर्षीही पुढे काहीतरी दिसत असते. सकाळी बी पेरावे आणि संध्याकाळीही हात आवरू नये, कारण यातले कोणते उगवेल हे आपल्याला ठाऊक नसते, असे उपदेशकाने म्हटले आहे. पेरणारे आपण. उगवणे देवाकडे.

या आठवड्यासाठी

१. वृद्धांनी : आपल्याला येणारे एक काम किंवा एक कला निवडावी आणि ती घरातल्या किंवा शेजारच्या एका तरुणाला शिकवायला सुरुवात करावी. जी जबाबदारी सोडायला हवी असे मनाला कळते आहे, ती कुणाला द्यायची हे ठरवावे.

२. मधल्या वयाच्या मंडळींनी : "तुम्ही आता आराम करा," असे म्हणण्यापूर्वी आईवडिलांना विचारावे की त्यांना काय करावेसे वाटते. नुसता हक्काचा पाळणाघरवाला म्हणूनही त्यांना राबवू नये.

३. तरुणांनी : पुढे कुठेही जायचे असो, आज जेथे आहोत तेथे एक गोष्ट मन लावून करावी. एक झाड लावले तरी चालेल.

४. सर्वांनी : जवळच्या एका आजारी वृद्धाच्या घरी जाऊन त्यांना आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगावे. "तुमच्यासाठी प्रार्थना करतो," असे त्यांना सगळेच म्हणतात. त्यांच्याकडे प्रार्थना मागणारे थोडे.

प्रार्थना

हे प्रभो, आमचे दिवस तुझ्या हाती आहेत. जे थोडे उरले आहेत ते भीतीत घालवू नयेत, आणि जे पुष्कळ उरले आहेत असे वाटते ते गर्वात घालवू नयेत, अशी आम्हांला बुद्धी दे. आमच्या वृद्धांच्या हातांना काम दे, थकलेल्यांना विसावा दे, तरुणांना आशा दे. जी फळे आम्ही चाखणार नाही, ती झाडे लावण्याचा आनंद आम्हांला दे. संध्याकाळ झाली की तुझ्या मळ्यातच आम्ही तुला सापडू, असे कर. आमेन.

तुमचा ख्रिस्ताठायी,
प्रमुख धर्मगुरू